वय हाच दाखला

महाराष्ट्रात बाईनं पासष्टी ओलांडली की तिची गरिबी मोजायचं माप बदलतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा २१ ते ६५ वयाच्या बाईसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली अडीच लाख रुपये. पासष्टीच्या पुढे लागू होते ती श्रावणबाळ योजना, आणि तिच्यात त्याच वेळी ही मर्यादा होती २१ हजार. रक्कम दोन्हीकडे सारखी, महिन्याला दीड हजार. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जिच्या घरात वर्षाला लाखभर रुपये येतात ती बाई मदतीला पात्र. पुढच्या दोन वर्षांत गुडघे जातात, धुण्याभांड्याची घरं सुटतात, उत्पन्न निम्म्यावर येतं, आणि नेमकी तेव्हा ती कागदोपत्री सुखवस्तू ठरते.

कुणी दुष्टपणानं हे केलं असं मला वाटत नाही. एक योजना जुनी, एक नवी, आणि जुनीचे आकडे तपासायला कुणाला सवड झाली नाही. पण म्हातारपणाच्या बाबतीतच ही सवड वर्षानुवर्षं होत नाही, याचं कारण शोधायला हवं.

२१ हजारांना ३६५ नं भागलं तर दिवसाला ५८ रुपयेही भरत नाहीत. हे एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२४-२५ ची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एकानं हमीच्या कामावर ७१ दिवस भरले की कुटुंब मर्यादेबाहेर गेलं. सरकारनं दिलेलं काम, सरकारनं ठरवलेल्या दरानं, तेव्हाच्या कायद्यानं कबूल केलेल्या शंभर दिवसांच्याही आत, तरी घरातल्या म्हातारीचा अर्ज बाद व्हायला हवा. प्रत्यक्षात बरेचदा तो बाद होत नाही, कारण उत्पन्नाचा दाखला कसाबसा २१ हजारांच्या आत बसवला जातो. अर्ज लिहून देणाऱ्याला हे माहीत असतं, सेतू केंद्रातल्या मुलाला माहीत असतं, सही करणाऱ्यालाही माहीत असतं. जिनं जन्मात कुणाचे चार आणे बुडवले नाहीत, ती बाई सरकारच्या दारात पहिल्यांदा जाते ती असा कागद घेऊन. त्या कागदाची दोरी मग दुसऱ्यांच्या हातात राहते. कुणीही केव्हाही ती ओढू शकतो, आणि हे तिला कळत असतं. म्हणून पैसे चार महिने आले नाहीत तरी ती विचारायला जात नाही.

नागपुरात तांडापेठेकडे, आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून, अशा एक आजी राहतात. जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. नवरा आधी हातमागावर, मग एका मिलमध्ये बदलीवर. बदलीवाल्याला काम लागलं तर हजेरी, नाहीतर फाटकावरून परत. मिल बंद झाल्यावर कायम कामगारांच्या हिशेबाची भांडणं तरी झाली, बदलीवाल्यांचा हिशेबच कुणाकडे नव्हता. तो गेला त्यालाही आता वीस वर्षं होतील. मागच्या फेब्रुवारीत मी आजींबरोबर एका सरकारी केंद्रात गेले होते. पैसे थांबले होते आणि यंत्रावर अंगठा द्यायचा होता. अंगठा उमटेना. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं, ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लावलं. शेवटी मुलगा म्हणाला, आजी, बोट येत नाही, तुम्ही हयातीचा दाखला घेऊन या. आजी म्हणाल्या, ‘‘मी तुह्यासमोर उभी हावो ना बाप्पा, आता जिती हावो याचा कागद कुठून आणू? माही बोटं सूत ओढू ओढू घासली.’’

तो मुलगा उद्धट नव्हता. त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली होती, पाणी आणून दिलं होतं. त्याच्या हातात काही नव्हतं एवढंच. पडद्यावर हिरवी खूण आली नाही तर समोरचं माणूस जिवंत असलं तरी नोंदीत नाही, आणि नोंदीत नाही ते त्याला मान्य करता येत नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. नोव्हेंबर आला की ते मोबाइलसमोर चेहरा धरतात आणि पाच मिनिटांत त्यांची हयात सिद्ध होते. महागाई वाढेल तसा त्यांचा भत्ता वाढतो. त्यासाठी त्यांना मोर्चा काढावा लागत नाही. त्यांचं उत्पन्न किती, मुलगी काय कमावते, घर पक्कं आहे की कच्चं, हे कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. तो त्यांचा हक्क आहे. मला सांगायचं आहे ते इतकंच: आजींचाही आहे. आणि हक्क असेल तर तो सिद्ध करायला जन्मतारीख पुरायला हवी. आपण किती लाचार आहोत याचा पुरावा मागणं थांबायला हवं.

या पुराव्याची सुरुवात योजनेच्या नावापासूनच होते. श्रावणबाळच्या जोडीची, पासष्टीच्या आतल्यांसाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. निराधार म्हणजे ज्याला कुणाचा आधार नाही तो. आजींना मुलगा आहे. तो हमाली करतो, त्याला तीन पोरं आहेत, तो आईला जेवायला घालतो, औषधाला कधी पुरतं कधी नाही. अर्ज करायच्या वेळी कुणीतरी सुचवलं होतं की मुलगा सांभाळत नाही असं लिहून द्या, काम लवकर होईल. आजींनी ते लिहून दिलं नाही. ‘‘माह्या पोराचं नाव खराब करून पैसे नाही पाहिजे मले,’’ एवढंच बोलल्या. त्या एका ओळीपायी त्यांची दोन वर्षं गेली. अशा किती जणींनी लिहून दिलं असेल, आणि मुलाच्या नजरेला नजर देताना त्यांना काय वाटलं असेल, याची मोजदाद कुठल्याच अहवालात येत नाही.

अर्ज मंजूर करायला तालुका पातळीवर समिती असते आणि तिच्या अध्यक्षपदी अशासकीय माणूस नेमायची पद्धत आहे. ही नेमणूक पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं होते. त्यामुळे पैसे सुरू झाले की आजी आभार मानतात ते भाऊंचे. भाऊंचा फलक चौकात लागतो. माझ्या वडिलांच्या निवृत्तिवेतनासाठी अजून कुणी फलक लावलेला नाही.

आता केंद्राच्या पैशांकडे येते. १९९५ च्या १५ ऑगस्टला राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वृद्धांना महिना ७५ रुपये मिळत. २००६ मध्ये ते २०० झाले. पुढे ऐंशीच्या वरच्यांसाठी ५०० झाले आणि पात्रतेचं वय पासष्टवरून साठवर आलं. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २००६ पासून दोनशे रुपयांवरच थांबला आहे. तेव्हा दोनशेत जे घरी येई त्यातलं आज जेमतेम एक तृतीयांश येतं. महाराष्ट्रानं आपल्याकडून भर घालून २०२३ मध्ये एकूण रक्कम हजारावरून दीड हजार केली, हे चांगलंच झालं. पण पुढची वाढ कधी होणार, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. निवडणूक आली की होईल, असं लोक धरून चालतात.

परदेशाचं उदाहरण दिलं की लोक लगेच स्वीडन-नॉर्वेचं नाव काढतात आणि श्रीमंतांचे चोचले म्हणून विषय संपवतात. म्हणून मी नेपाळपासून सुरुवात करते. तिथे १९९४-९५ मध्ये, मनमोहन अधिकारी यांच्या अल्पमतातल्या सरकारनं, पंचाहत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला महिना शंभर रुपये द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला, म्हणजे ज्याला दुसरं सरकारी निवृत्तिवेतन नाही अशा कुणालाही. सरकार वर्षभरही टिकलं नाही. पण भत्ता टिकला, कारण नंतर आलेल्या कुणालाही तो बंद करायची हिंमत झाली नाही. पुढे वय खाली आलं, दलितांसाठी आणि कर्णालीसारख्या दुर्गम भागातल्या लोकांसाठी आणखी खाली आलं. जिथे माणसं लवकर थकतात आणि लवकर मरतात, तिथे सत्तरीची अट म्हणजे नकारच, हे त्यांनी ओळखलं. २०२१ मध्ये रक्कम चार हजार नेपाळी रुपये झाली. आपल्या हिशेबानं अडीच हजार. नेपाळचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमी आहे.

बोलिव्हिया हा दक्षिण अमेरिकेतल्या गरीब देशांपैकी एक. तिथे २००८ पासून साठ वर्षांवरच्या सगळ्यांना वेतन मिळतं. नोकरीचं निवृत्तिवेतन असणाऱ्याला थोडं कमी, पण त्यालाही मिळतं. पैसा मुख्यतः नैसर्गिक वायूवरच्या करातून उभा केला. या योजनेचं नाव रेन्ता दिग्निदाद. मराठीत सांगायचं तर सन्मान वेतन. त्यांच्या आणि आमच्या आजींना मिळणाऱ्या पैशाचा उपयोग एकच, तेल-मीठ आणि गोळ्या. पण तिथली बाई रांगेत उभी राहते ती सन्मानाच्या नावानं आणि इथली निराधाराच्या.

दक्षिण आफ्रिकेचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे. १९२८ मध्ये तिथे वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू झालं ते गोऱ्यांसाठी आणि मिश्रवंशीयांसाठी. कृष्णवर्णीयांना वगळलं. त्यांचं कुटुंब मोठं असतं, गाव सांभाळून घेतं, त्यांना पैशाची काय गरज, असा युक्तिवाद होता. आपल्याकडेही ‘आपल्या संस्कृतीत मुलं आईबापांना सांभाळतात’ असं म्हणून जो विषय टाळला जातो, त्याची चाल मला तीच वाटते. १९४४ मध्ये कृष्णवर्णीयांना योजनेत घेतलं, पण रक्कम गोऱ्यांच्या मानानं फारच थोडी ठेवली. ही दरी हळूहळू भरत १९९३ मध्ये सगळ्यांची रक्कम एक झाली, पहिल्या लोकशाही निवडणुकीच्या एक वर्ष आधी. १९९६ च्या त्यांच्या संविधानात सत्ताविसाव्या कलमानं सामाजिक सुरक्षा हा हक्क म्हणून लिहिला, आणि जो स्वतःचं पोट भरू शकत नाही त्याला सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्कही. त्यावर कोर्टात जाता येतं, लोक गेलेही आहेत. उत्पन्नाची अट तिथेही आहे, पण ती इतकी वर आहे की बहुतेक वृद्ध तिच्या आत येतात. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या घरांचा अभ्यास केला. ज्या घरात हे पैसे आजीच्या हाती येत होते, तिथल्या नातींचं वजन-उंची सुधारलेली दिसली. आजोबांच्या हाती आले तिथे तसा फरक दिसला नाही. आमच्या तांडापेठेतल्या कुणाही बाईला यात नवल वाटणार नाही.

श्रीमंत देशांकडूनही शिकण्यासारखं आहे, पण मला त्यांची आजची श्रीमंती दाखवायची नाही. ब्रिटनमध्ये १८३४ च्या गरीब कायद्यानं मदत मागणाऱ्याला वर्कहाऊसची, म्हणजे जेवण-निवाऱ्याच्या बदल्यात कष्ट करवून घेणाऱ्या घराची वाट दाखवली. हेतू उघड होता. मदत घेणं इतकं लाजिरवाणं करायचं की कुणी मागूच नये. अशी मदत घेणाऱ्याचा मताधिकारही जात असे, आणि ही अट १९१८ पर्यंत राहिली. १९०८ च्या कायद्यानं सत्तरीच्या वरच्यांना आठवड्याला पाच शिलिंग ठरले आणि १ जानेवारी १९०९ पासून वाटप सुरू झालं. उत्पन्नाची अट होती, चालचलणुकीचीही होती, रक्कम तुटपुंजी होती. पण एक गोष्ट त्यांनी जाणून केली: हे पैसे गरीब कायद्याच्या कचेरीतून न देता टपाल कार्यालयातून दिले. जिथे कुणीही तिकीट घ्यायला जातो त्याच खिडकीवर म्हातारा माणूस आपलं पुस्तक पुढे करू लागला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो भिक्षेकरी दिसेनासा झाला.

उलटं उदाहरण नेदरलँड्सचं. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना मिळणाऱ्या अनुदानात लबाडी होते म्हणून कर खात्यानं हजारो पालकांना चोर ठरवलं. एखादी सही राहिली, एखादा कागद कमी पडला, तेवढ्यावर वर्षानुवर्षांची रक्कम परत मागितली. कितीतरी घरं कर्जात बुडाली, संसार मोडले, आणि यात स्थलांतरित मुळाच्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. प्रकरण बाहेर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. खजिना भरलेला असूनही हे घडलं. गरजू माणसाकडे आधी संशयित म्हणून पाहायचं असं एकदा ठरलं की चांगल्यातलं चांगलं यंत्रही त्याच कामाला लागतं. ऑस्ट्रेलियातही संगणकानं काढलेल्या सरासरीच्या भरवशावर लाखो लोकांना खोट्या वसुलीच्या नोटिसा गेल्या आणि शेवटी सरकारलाच पैसे परत करावे लागले.

तेव्हा प्रश्न देश गरीब की श्रीमंत हा राहत नाही. आणि आपल्याकडे ही समज नव्हती असंही नाही. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभा राहिला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. बिस्मार्कच्या जर्मनीनं केलेला वृद्धत्वाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १८८९ चा. त्याच्या तीन वर्षं आधी जुम्मा तलावाच्या काठावर ही कल्पना कामाला लागली होती. अर्थात ती मालकाच्या सद्बुद्धीवर चालणारी गोष्ट होती, देशाचा कायदा नव्हे, आणि गिरणीच्या फाटकाबाहेर तिचा उपयोग नव्हता. आज त्या जागेवर मॉल आहे. त्या रस्त्यानं जाताना मला दरवेळी वाटतं की तिथे एक छोटी पाटी तरी हवी होती.

दुसरी गोष्ट आपल्या राज्याची, आणि तिचा मला अधिक अभिमान आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. हे तीन शब्द नीट वाचा. गरीब असेल त्याला नव्हे, दाखला आणेल त्याला नव्हे, मागेल त्याला. बंडिंगवर उन्हात खडी फोडायला जो येतो त्याची गरज तपासायला तलाठी लागत नाही, हे पागेंना कळत होतं. आणि पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांकडून, व्यवसाय कर लावून. आजही माझ्या पगारातून वर्षाला अडीच हजार रुपये त्या नावानं कापले जातात, आणि ज्या थोड्या कपातींबद्दल मला कधीच वाईट वाटलं नाही त्यांतली ही एक. केंद्राला असा कायदा करायला २००५ उजाडावं लागलं. ज्या राज्यानं कामाच्या बाबतीत माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यानं काम सुटल्यावर त्याच माणसाच्या बोटांचे ठसे जुळेपर्यंत थांबावं, हे मला समजत नाही.

पैसा कुठे आहे, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब मांडते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं २०२३ मध्ये भारतातल्या वृद्धांवर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये देशात साठीच्या वरचे १४.९ कोटी लोक होते. यातल्या एकूण एकाला, अगदी बंगल्यात राहणाऱ्यालाही, महिना दीड हजार द्यायचे म्हटले तर वर्षाला दोन लाख सत्तर हजार कोटींच्या आत लागतील. २०२४-२५ चं देशाचं ढोबळ उत्पन्न ३३० लाख कोटींच्या आसपास आहे. म्हणजे शंभर रुपयांतले ऐंशी-पंच्याऐंशी पैसे. सरकारी निवृत्तिवेतन घेणारे आणि आयकर भरणारे वगळले तर त्याहूनही कमी. रक्कम लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं वृद्ध, विधवा आणि दिव्यांग अशा सगळ्यांच्या सामाजिक साहाय्यासाठी मिळून ९,६५२ कोटी ठेवले, त्या शेजारी ती ठेवून पाहा. देशाच्या उत्पन्नाच्या शंभर रुपयांतले तीन पैसे. तीन पैशांपासून ऐंशी पैशांपर्यंत जायला वेळ लागेल हे मान्य. निघायचं कधी, हे तरी सांगावं.

‘मग श्रीमंतांनाही द्यायचं का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ज्याला वगळायचं त्याला वगळा, पण वगळण्याचा भार सरकारनं उचलावा. आयकर कोण भरतो, निवृत्तिवेतन कोण घेतं, हे सरकारच्याच संगणकात आहे. ते नाव काढून टाका आणि उरलेल्या प्रत्येकाला द्या. आज नेमकं उलटं आहे. बंगलेवाल्यानं तो श्रीमंत नाही हे सिद्ध करायचं नसून आजींनी त्या कंगाल आहेत हे सिद्ध करायचं आहे. लाडकी बहीण योजनेच्या तपासणीत सरकारी नोकरीतल्या बायकांची नावं निघाली, यावरून फार आरडाओरडा झाला. व्हायलाच हवा होता. पण त्या बायकांना अर्ज भरता येत होता, मोबाइल चालवता येत होता, बोटांचे ठसे शाबूत होते. चाळणी जितकी बारीक कराल तितकी ती हुशार माणसाला आत घेते आणि दमलेल्याला बाहेर टाकते.

मुलांनी सांभाळावं, हेही खरंच आहे. त्यासाठी २००७ चा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे, तिथे मुलाविरुद्ध अर्ज करून निर्वाहाची रक्कम मागता येते. ज्या वर्षी केंद्राचे दोनशे रुपये ठरले त्याच्या पुढच्याच वर्षी हा कायदा आला. पण हमाली करणाऱ्या मुलाविरुद्ध आई काय मागणार? बदलीवाल्याच्या पोराकडे बदलीवाल्याहून फार काही नाही. मुलाला आईवर भार वाटू नये एवढे पैसे आईच्या हातात असणं, हीच त्या नात्याला केलेली मदत असते. आजींच्या खात्यात पैसे आले त्या महिन्यात मी पाहिलं आहे, त्या सुनेला ‘मी भाजी आणते’ म्हणून पिशवी घेऊन निघतात आणि परत येताना नातवांसाठी संत्री असतात.

१० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात मूळ मसुद्यात फक्त पुरुषांचा उल्लेख होता. तो बदलून ‘सर्व माणसं’ असं व्हावं म्हणून हट्ट धरणाऱ्या हंसा मेहता आपल्या प्रतिनिधी होत्या. त्याच जाहीरनाम्याच्या पंचविसाव्या कलमात बेकारी, आजारपण, अपंगत्व आणि म्हातारपणासोबत वैधव्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. जगण्याचं साधन हातून गेलेल्याला सुरक्षिततेचा हक्क आहे, असं ते कलम म्हणतं. आपल्या संविधानाचं एक्केचाळिसावं कलम जवळपास हेच सांगतं, फक्त ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असं म्हणून. आणि सदतिसावं कलम सांगतं की संविधानाच्या या भागासाठी, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांसाठी, कोर्टात जाता येणार नाही, पण राज्यकारभारासाठी ही तत्त्वं मूलभूत आहेत. पंचाहत्तर वर्षांत आपण यातला पहिला अर्धा भाग चांगला पाठ केला आहे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात प्रत्येक प्रौढ नागरिकाला सरकारी विमा सक्तीचा असावा असं सुचवलं होतं. ज्याच्याकडे मालमत्ता नाही त्याच्या म्हातारपणाची आणि त्याच्या मागे राहणाऱ्यांची सोय कशी लागणार, ही काळजी त्यामागे मला दिसते. त्याआधी जुलै १९४२ मध्ये, मजूर खातं हाती आलं त्याच महिन्यात, ते नागपुरात झालेल्या परिषदेत बोलले होते. आपली लढाई धनासाठी किंवा सत्तेसाठी नाही, ती माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे, असा त्या भाषणाचा आशय. या शहरात ते वाक्य दरवर्षी फलकांवर लागतं. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लाखो माणसं येतात, त्यांत अंगठा न उमटणाऱ्या कितीतरी बायका असतात. तिथे त्यांच्याकडे कुणी दाखला मागत नाही. पाणी, जेवण, औषध, जो येईल त्याला मिळतं. एवढ्या मोठ्या गर्दीची व्यवस्था इतक्या विश्वासानं चालू शकते, हे नागपूरकर दरवर्षी डोळ्यांनी पाहतात.

आणि दाखला मागायला निघालेल्या माणसांचं काय होऊ शकतं, हेही या शहरानं पाहिलं आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. मागणी अनुसूचित जमातीच्या नोंदीची, म्हणजे कागदावरच्या एका नावाची होती. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यांत बायका आणि मुलं किती होती, हे त्या वेळी इथे असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी मी थांबते तेव्हा मला त्या नोंदीच्या कायदेशीर बाजूपेक्षा हेच आठवतं, की ती माणसं आपण कोण आहोत हे सरकारला सांगायला आली होती.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा अधिवेशन भरेल. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर कठडे लागतील, यशवंत स्टेडियमपाशी मंडप पडतील. वस्तीतल्या आम्ही काही जणींनी आमदारांना द्यायचं पत्र तयार केलं आहे. पहिली मागणी, पासष्टीनंतरची उत्पन्नमर्यादा निदान लाडकी बहीण योजनेइतकी करावी. यासाठी नवा कायदाही लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. दुसरी, रक्कम दरवर्षी आपोआप वाढावी. राजस्थाननं २०२३ च्या कायद्यात सामाजिक निवृत्तिवेतन दरवर्षी १५ टक्के वाढवण्याची तरतूद केली, म्हणजे हे करता येतं. तिसरी, अंगठा न जुळल्यास पैसे थांबवू नयेत, कर्मचाऱ्यानं घरी येऊन खात्री करावी आणि तोवर रक्कम सुरू ठेवावी. चौथी, मंजुरीतून समिती काढावी. वय, आधी सांगितलेली वगळणी आणि बँक खातं, एवढ्यावर पैसे सुरू व्हावेत.

पाचवी मागणी नाव बदलण्याची. त्यावर बरीच चर्चा झाली. कुणी सन्मान म्हणालं, कुणी आधार, कुणी ज्येष्ठ. एकमत होईना, तेव्हा मी आजींना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. दर महिन्याला बँकेत जाताना त्या आणि त्यांच्या सोबतिणी ज्या नावानं या पैशाबद्दल बोलतात ते नाव त्यांनी सांगितलं, आणि आम्हाला आधी का सुचलं नाही असं म्हणत आम्ही ते पत्रात लिहून टाकलं.

‘‘आमी तं पगारच म्हणतो,’’ आजी म्हणाल्या. ‘‘पगार झाला का, असं इचारतो एकमेकीले.’’